मुलांची चॉकलेटी माल्ट पावडर: चवीला ५ पैकी ४, पोषणाला २, जाहिरातीला शून्य

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडायच्या सुमारास नागपुरातल्या बर्डी-इतवारीच्या किराणा दुकानांत हे डबे दर्शनी फळीवर येतात, सोबत फुकट बाटली नाहीतर कंपास. कार्टूनच्या मध्ये दिसलेला डबा पोराला इथे प्रत्यक्ष दिसतो आणि हट्ट सुरू होतो.

चव खरंच छान आहे. गरम दुधात पावडर लगेच विरघळते, थंड दुधात गुठळ्या होतात. म्हणून आधी दोन चमचे कोमट दुधात कालवून घ्यावी. दुधाला नाक मुरडणारं मूल ग्लास संपवतं, एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

आता डबा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि साखर बहुधा पहिल्या दोन-तीन नावांतच सापडते. लिक्विड ग्लुकोज, म्हणजे साखरेसारखाच गोड पाक, त्याचं नाव वेगळं. १०० ग्रॅममागे ३२ ग्रॅम वरून घातलेली साखर असेल, तर २० ग्रॅमच्या एका वेळेला जवळपास साडेसहा ग्रॅम झाली. घरी चमचा शिगोशीग भरतात, वर दुधातही साखर घालतात, मग हा आकडा सहज दुप्पट होतो. पोषणाच्या तक्त्यात 'दुधासह' लिहिलेल्या रकान्याला भुलू नका: २०० मिली दुधातच सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, पावडरीची भर जेमतेम दीड ग्रॅमची.

जाहिरातीत ग्लास पिणारा मुलगा शर्यत जिंकतो, न पिणारा मागे पडतो. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला यामागे विकण्याचा हेतू आहे हे उमगत नाही; त्याला ती कार्टूनइतकीच खरी वाटते. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिरातींना मुभा आहे, त्यात तीच धून पुन्हा पुन्हा वाजते. अक्षरओळख नसलेलं मूलही मग डब्याचा रंग ओळखतं. पैसे आईबाबांचे, निवड त्याची! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुराव्याशिवाय बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढवण्याचा दावा मुलांसाठीच्या जाहिरातीत करता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' विभागातून काढायला सांगितलं. दावा खटकला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार जरूर करा.

घ्यायचीच असेल तर फुकटची वस्तू बाजूला ठेवून पाकिटावरची दर ग्रॅमची किंमत ताडून पाहा. रिफिल पाऊच अनेकदा स्वस्त पडतो. एक सपाट चमचा पुरे, वरून साखर नको.