मोकळ्या सशासाठी घडीचं लोखंडी कुंपण : दिवाळी ते पोळा वापरल्यावरचा अनुभव

आधीच सांगून टाकते, हे कुंपण मी सशाला कोंडायला घेतलं नाही, फर्निचरला कोंडायला घेतलं. आमचा भुरू पिंजऱ्यात राहत नाही, हॉल आणि मधली खोली चोवीस तास त्याचीच आहे, आणि ज्यांच्या घरी असा मोकळा ससा आहे त्यांना माहीत असेल की खरी डोकेदुखी तीनच जागी असते, सोफ्याच्या खाली, टीव्हीच्या मागे आणि पलंगाच्या पायाशी.

वस्तू साधी आहे. 8 पॅनल, 30 इंच उंच, वरून काळं पावडर कोटिंग, मधे सळई टाकून जोडायचे. बॉक्सवर कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो आहे, सशासाठी म्हणून वेगळं काही मिळत नाही आपल्याकडे. पिल्लू ससा असेल तर मात्र जपून, गजांमधलं अंतर इतकं आहे की डोकं गेलं की बाकीचं अंगही जातं.

टीव्ही युनिटसमोर 4 पॅनल लावले, कोपऱ्यात केबल टायने आवळले, आणि तिथला प्रश्न त्या दिवशीच संपला. 30 इंच पुरते का असं बरेच जण विचारतात. सपाट जमिनीवरून आमचा तरी ओलांडत नाही, पण कुंपणाची उंची जमिनीपासून मोजायचीच नसते, ससा जिथे उभा राहू शकतो तिथून मोजायची असते. आमच्याकडे सोफ्याचा हात कुंपणापासून दीड फुटावर होता, हा पठ्ठ्या सोफ्यावर, तिथून हातावर, आणि तिथून थेट टीव्हीच्या मागे वायरींच्या गुंत्यात. सोफा सरकवला तेव्हा थांबलं. तरी वायरींसाठी एकट्या कुंपणावर भरवसा ठेवू नका, सगळ्या वायरी भिंतीला धरून पीव्हीसीच्या केसिंग-कॅपिंग पट्टीत घाला, इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात मिळते. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, समोरचे तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर, त्यामुळे तो कुरतडणारच, चालू वायर त्याच्या तोंडात जाऊ नये एवढंच आपल्या हातात आहे.

सोफ्याच्या बाबतीत मात्र कुंपण कामाचं नाही हे माझं स्पष्ट मत आहे. रोज बसायच्या सोफ्याला कोण जाळी लावून ठेवेल? आणि त्याला हवं असते ते सोफ्याच्या पोटात. आपल्या जंगलातला ससा बीळ खोदत नाही, गवतात नुसती बसायची जागा करतो, पण घरात पाळतात ते ससे युरोपातल्या बीळ खोदणाऱ्या सशांच्या वंशातले, त्यामुळे सोफ्याच्या खालचं ते काळं पातळ कापड त्याला बिळाचं तोंडच वाटते. फाडून आत शिरतो, स्प्रिंगांमधे जाऊन बसतो आणि वरून कोणी धपकन बसलं तर सशाचं काय होईल विचार करा, त्याची हाडं खूप नाजूक असतात. शिवाय आतला फोम खाल्ला तर आतड्यात अडकतो, आणि सशाला उलटी करता येत नाही. म्हणून सुताराला बोलावून सोफ्याच्या खाली चारही बाजूंनी प्लायच्या पट्ट्या मारल्या, प्लायची कड तो खाऊन राहिला होता (त्यात गोंद असतो, पोटात गेलेला बरा नाही), म्हणून इथल्या, म्हणजे नागपूरच्या, इतवारी बाजारातल्या लोहा ओळीतून अल्युमिनियमचा एल अँगल (काटकोनात वळलेली पट्टी) आणून कडेवर बसवला. कुंपणाच्या मानाने खर्च किरकोळ, आणि उपयोग जास्त.

सोफ्याच्या वर मात्र त्याला पूर्ण परवानगी आहे, आणि ही माझी आईशी झालेली तडजोड आहे. वर सोलापुरी चादर घट्ट खोचलेली, काय खोदायचं ते त्याने तिथे खोदावं. चढायला पाटाएवढा ठेंगणा चौरंग, आणि उतरायच्या जागी सतरंजी. ही सतरंजी विसरू नका बरं, गुळगुळीत टाइल्सवर सशाचे पाय घसरतात, तळव्याला आपल्या कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. सतरंजीचे दोरे सुटले की लगेच कापून टाकायचे.

भुरूची नसबंदी झालेली आहे, त्याशिवाय सोफ्यावर मोकळं सोडायचा विचारही करू नका. ऑपरेशननंतर काही आठवडे जातात, पण मग जागोजागी लघवीने खुणा करणं खूप कमी होते.

आता उन्हाळ्याचं. नागपूरचा मे म्हणजे सांगायची गरज नाही, पारा 45 च्या वर, आणि सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानावाटे बाहेर टाकतो, 30 च्या आसपासच त्याला त्रास सुरू होतो. आजीचा सागवानी पलंग वाचवायला मी थंडीत त्याच्याभोवती उरलेले पॅनल लावले होते. एप्रिल लागला तेव्हा पाहिलं की घरातली सगळ्यात थंड फरशी त्या पलंगाखालचीच आहे, आणि तो दुपारभर जाळीला नाक लावून बसून राहिला. त्याच संध्याकाळी पॅनल काढले. पलंगाच्या चार पायांना पत्र्याचे मोजे करून घातले आणि खालची जागा त्याला दिली, कूलरची हवाही तिकडेच वळवली. पलंग आजीचा आहे, मलाही तो जपायचा आहे, पण उन्हात जीव आधी. घडीचं कुंपण घ्यायचं खरं कारण मला हेच वाटते की ते पाच मिनिटांत उचलता येते, भिंतीत ठोकलेली जाळी एवढ्या लवकर निघाली नसती.

पावसाळ्यात दोष दिसले. तो ज्या कोपऱ्यात लघवी करतो तिथल्या पॅनलचं कोटिंग वेल्डिंगपाशी फुगलं आणि गंज धरला. सशाच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असते, वाळलं की पांढरा थर बसतो, तो पांढऱ्या व्हिनेगरने निघतो पण लगेच पुसून कोरडं करा. मी आता त्या कोपऱ्यात त्याची ट्रेच ठेवली, वर वाळलेलं गवत आणि थोड्या दूर्वा, तिथे बसून खातो आणि तिथेच उरकतो.

कुरतडू नये म्हणून फर्निचरवर मारतात तो कडू स्प्रेही मागवला होता, त्यावर पैसे घालवू नका, भुरू तो चाटतो.

तर घ्यायचं का? टीव्ही, पुस्तकांची कपाटं, देवघर यांच्यासाठी नक्की घ्या, 24 इंची नको, 30 च्या खाली जाऊच नका. सोफा आणि पलंगासाठी घेत असाल तर ते पैसे आधी सुताराला द्या.