प्रश्नांचा डबा: नऊ महिने, एक पब आणि शनीचे चंद्र

डब्याचं झाकण आता नीट बसत नाही. एका कोपऱ्यावर बिअरचा डाग आहे आणि 'खेळ' या विभागातली निम्मी कार्डं मी घरी बुकमार्क म्हणून वापरतो. नऊ महिन्यांपूर्वी साडूने लंडनहून हा डबा आणला तेव्हा तो चकचकीत होता. ४०० कार्डं, प्रत्येक कार्डावर ६ प्रश्न, म्हणजे एकूण २४००. वर मोठ्या अक्षरांत 'पब क्विझसाठी सामान्यज्ञान' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं. खालच्या चिकटपट्टीवर १८ पाउंड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात असे डबे ढिगाने मिळतात आणि माझा अनुभव कमी-अधिक फरकाने कुठल्याही डब्याला लागू पडेल.

आधी वापर कसा केला ते सांगतो, म्हणजे तक्रारी कशाच्या जोरावर करतोय ते कळेल. पुण्यात बाणेरमधल्या एका पबमध्ये दर गुरुवारी साडेआठला मी क्विझ घेतो. मालक जुना ओळखीचा. कॉलेजात मी क्विझ करायचो एवढ्याच भांडवलावर त्याने मला माइक दिला. एका टीममध्ये जास्तीत जास्त पाच जण, पाच राउंड, प्रत्येकी आठ प्रश्न, सगळं लेखी. जिंकणाऱ्या टीमला बिलात सूट. नेहमी येणाऱ्या टीममध्ये 'वामकुक्षी' आणि 'दोन मिसळ एक पाव' या दोघींचं हाडवैर आहे आणि निम्मा पब त्यांची भांडणं बघायला येतो.

आठवड्याला ४० प्रश्न म्हणजे २४०० प्रश्न ६० आठवडे पुरायला हवेत. कागदावर. प्रत्यक्षात सहापैकी एखाद-दुसरा प्रश्नच आपल्याकडे चालतो. पहिल्या महिन्याच्या शेवटी मी डब्यातून कमी आणि स्वतः काढलेल्या प्रश्नांच्या वहीतून जास्त विचारायला लागलो होतो.

वस्तू म्हणून डबा बरा आहे. पुठ्ठा जाड, कार्डं सांडलेल्या बिअरला पुरून उरतात. पण ज्याने हा डबा घडवला त्याने आयुष्यात एकदाही क्विझ घेतलेली नाही हे मी शपथेवर सांगतो. प्रश्न पुढच्या बाजूला, उत्तरं मागच्या बाजूला! मी कार्ड डोळ्यांसमोर धरून प्रश्न वाचतो तेव्हा समोरच्या टेबलावरची माणसं आरामात उत्तर वाचतात. दुसऱ्या आठवड्यात 'वामकुक्षी'ला आठपैकी आठ मिळाले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून कार्ड मेन्यूकार्डाच्या आत धरून वाचतो. लोकांना वाटतं मी स्टार्टर मागवतोय. शिवाय विभागांचे रंग. इतिहासाचा हिरवा आणि विज्ञानाचा निळा पबच्या पिवळ्या उजेडात एकसारखेच दिसतात, आणि अक्षर इतकं बारीक की चाळिशी लागलेल्याने टॉर्च घेऊनच बसावं.

आता आतल्या मालाकडे.

'टीव्ही' विभाग थेट बाद. ब्रिटनमधल्या मालिकांतल्या पबची नावं बाणेरमध्ये कोण सांगणार? फुटबॉलवर आमचे तरुण बरे आहेत, डार्ट्सचे प्रश्न मात्र भिंतीवर आदळून परत येतात. उलटही होतं. 'बॉम्बे डक म्हणजे काय?' हा प्रश्न डब्यात तीन चांदण्यांचा, म्हणजे अवघड. मी तो वाचून संपवायच्या आत चार टेबलांवरून 'बोंबील!' अशी आरोळी आली आणि एकाने लगेच बोंबील फ्राय आहे का म्हणून वेटरला विचारलं. लेखी राउंड असताना उत्तर ओरडू नये हा नियम त्या दिवशी कायमचा मोडला. तीच गोष्ट स्नूकरची. हा खेळ कुठल्या देशात जन्मला, एवढंच कार्ड विचारतं. आपल्याकडे तो प्रश्न शहरापर्यंत नेता येतो: जबलपूर, १८७५, तिथल्या छावणीतला नेव्हिल चेंबरलेन नावाचा लष्करी अधिकारी. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. हा शेवटचा तुकडा जोडला की टेबलावर वाद पेटतो आणि मालकाची विक्री वाढते.

पाइंटचं कार्ड मला मनापासून आवडलं. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटर, अमेरिकन ४७३. हातात ग्लास घेऊन बसलेल्या माणसाला हे विचारण्यात मजा आहे. त्यानंतर आठवडाभर गिऱ्हाईकं आपल्या ग्लासात किती बसतं म्हणून वेटरला छळत होती, त्याबद्दल मालकाने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

सर्वात मोठा दोष म्हणजे शिळेपणा. डब्यावर छपाईचं साल २०२२ आहे. 'सर्वाधिक लोकसंख्येचा देश' या प्रश्नाला कार्ड चीन म्हणतं. २०२३ मध्ये आपण पुढे गेलो. एव्हरेस्टची उंची कार्डावर ८,८४८ मीटर. नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६, आणि तोही २०२० च्या डिसेंबरचा, म्हणजे इथे छपाईच्या सालाचीही सबब चालत नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसते असं एक कार्ड छातीठोकपणे सांगतं. ती दिसत नाही. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला आणि त्यानेच सांगितलं की त्याला भिंत दिसली नाही. चंद्र तर त्याच्या हजारपट लांब.

पण माझी खरी फजिती शनीने केली. 'सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला?' कार्डावर उत्तर शनी. मी 'शनी' म्हणालो आणि 'दोन मिसळ'मधली एक मुलगी उठली. गुरू, म्हणाली, बातमी वाचली होती. तिचंही खरं होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत गुरूचे नवे चंद्र मोजले गेले आणि तो पुढे गेला. मग मे महिन्यात शनीने ढिगाने चंद्र मिळवून पहिला नंबर परत घेतला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून शनीचा आकडा २७४ वर गेला. कार्डावरचा आकडा शंभराच्या आतला. म्हणजे ग्रह बरोबर, आकडा चूक, आणि मधले काही महिने ग्रहही चूक. मला त्या रात्री यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कार्ड दाखवत राहिलो. 'छापलंय ना' हे क्विझ घेणाऱ्याचं सर्वात वाईट उत्तर आहे हे मला तिथे कळलं. पुढच्या गुरुवारी माफी मागून दोन्ही टीमना गुण दिले, तरी 'शनीची साडेसाती' हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

छापील प्रश्नांवर विसंबायचं नसतं याची एक जुनी गोष्ट या धंद्यात प्रसिद्ध आहे. ट्रिव्हियल परसूट हा सामान्यज्ञानाच्या प्रश्नांचा खेळ १९७९ च्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये क्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन पत्रकारांनी रचला. म्हणे स्क्रॅबल खेळायला बसले तर त्यातल्या सोंगट्या हरवलेल्या. खेळ तुफान चालला. मग फ्रेड वर्थ नावाचा माणूस कोर्टात गेला. त्याने सामान्यज्ञानाचा एक कोश लिहिला होता आणि नक्कल पकडता यावी म्हणून त्यात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली होती: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव 'फिलिप'. खेळाच्या कार्डावर तेच 'फिलिप' निघालं. ३० कोटी डॉलरचा दावा. आणि वर्थ हरला! खेळवाल्यांनी सरळ कबूल केलं की होय, तुझं पुस्तकही वापरलं, इतरही वापरली, आणि तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात. कोर्टाला ते पटलं. मला या गोष्टीत निकालापेक्षा दुसरंच काही दिसतं. लाखो घरांत माणसं 'फिलिप' म्हणून गुण मिळवत होती आणि कुणीही तपासलं नाही.

तपासूनसुद्धा चुका होतात, हे माझ्या वहीच्या बाबतीत सांगायला हवं. सगळं डब्यावर ढकलणं बरं नाही. मी विचारलं, 'भारताला ऑलिंपिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?' माझं उत्तर खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२. 'वामकुक्षी'ने लिहिलं नॉर्मन प्रिचर्ड, पॅरिस, १९००, दोन रौप्यपदकं. 'स्वतंत्र' हा एक शब्द मी खाल्ला होता. दुसऱ्यांदा टायब्रेकरला, म्हणजे बरोबरी फोडायला, कळसूबाईची उंची विचारली. टायब्रेकर आकड्याचाच असावा, जवळ येईल तो जिंकला. पण हे पुणं आहे. दोन्ही टीमनी १६४६ लिहून चिठ्ठी दिली आणि एकाने वर 'सातदा गेलोय' असंही लिहिलं. (डब्यात टायब्रेकरचे प्रश्नच नाहीत, हे मात्र डब्यावरच ढकलतो.)

या नऊ महिन्यांत मला एकच गोष्ट पक्की कळली. कार्डावरचे बहुतेक प्रश्न 'येतं किंवा येत नाही' या जातीचे असतात. ते पबमध्ये मरतात. ज्याला येतं तो लिहितो, बाकीचे चार जण फोनकडे बघत बसतात. टेबलाला बोलून-बोलून उत्तरापर्यंत पोचता आलं पाहिजे. क्विझवाले त्याला 'वर्कआउट होणारा प्रश्न' म्हणतात. उदाहरण देतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. डब्यातलं कार्ड फक्त साल विचारतं. शाळेत पाठ केलेलं असेल तर आलं, नाहीतर गेलं. मी तोच प्रश्न असा फिरवला: गाडी ओढायला तीन इंजिनं होती. दोघांची नावं साहिब आणि सुलतान. तिसऱ्याचं नाव अशा प्रांताचं, जो आपल्या राष्ट्रगीतात आहे पण आज भारतात नाही. कोणता?

पबमध्ये आधी शांतता पसरली, मग आठ टेबलांवर चाळीस माणसं ओठातल्या ओठात राष्ट्रगीत पुटपुटायला लागली. 'पंजाब'च्या पुढे पोचली की चेहरे उजळत. बारपाशी बसलेले एक काका, क्विझशी त्यांचा काही संबंध नव्हता, ग्लास खाली ठेवून सवयीने उभे राहिले. उत्तर सिंध. त्या रात्री एकही टीम चुकली नाही, आणि तरी प्रश्न सोपा होता असं कुणीच म्हणालं नाही.

तेव्हापासून डबा मी कच्चा माल म्हणून वापरतो. कार्ड विचारतं, इंग्रजी 'मंगूझ' हा शब्द कोणत्या प्राण्याचा. मी विचारतो, हा शब्द इंग्रजीने कोणत्या भाषेतून उचलला. हिंदी, तमिळ, संस्कृत सगळं लिहून झालं; आपलं 'मुंगूस' त्यांच्या जिभेवर बसलंय हे मोजक्या टीमनाच सुचलं. कार्ड बॅडमिंटनच्या जाळ्याची उंची विचारतं. मी विचारतो, ब्रिटिश अधिकारी कोणत्या खेळाला आपल्या या शहराच्या नावाने ओळखायचे. उत्तर ऐकून ज्यांची छाती फुगली त्यांतले निम्मे नागपूरचे होते.

एक गुरुवार वेगळा गेला. २०२५ मध्ये २ ऑक्टोबर गुरुवारी आला. गांधी जयंती म्हणजे ड्राय डे, आणि त्याच दिवशी दसरा. पब बंद. मग क्विझ आमच्या सोसायटीच्या गच्चीवर घेतली, चहा आणि कांदाभजी. बायका-मुलं, आजी-आजोबा सगळे. तिथे डब्यातली कार्डं काढायची मला हिंमतच झाली नाही. मी विचारलं, १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या, कोण? फाळक्यांपाशी सगळे पोचले, पुढे कुणी सरकेना. माझी आई कोपऱ्यात भज्यांचा हिशेब ठेवत होती. 'अण्णा साळुंके,' म्हणाली, 'हरिश्चंद्रातली तारामती पण तोच होता.' पुढचे तीन प्रश्न तिने भजी वाढता वाढता सोडवले. 'वामकुक्षी'ने तिथल्या तिथे तिला टीममध्ये ओढली. पबमध्ये येणार का म्हणून विचारलं तर लिंबू सरबत मिळत असेल तर येते म्हणाली. दोनदा आली, दोन्हीदा जिंकली.

फोनबद्दल थोडक्यात. डब्यासोबतच्या नियमांच्या कागदावर फोनचा उल्लेखसुद्धा नाही. आम्ही प्रत्येक टेबलावर भाकरीची टोपली ठेवतो, राउंड चालू असताना फोन त्यात पालथे. कुणाचा वाजला तर त्या टीमचा एक गुण जातो. घरून आलेल्या फोनला सवलत नाही.

कुणी घ्यावा? इंग्लंडात राहणाऱ्या, तिथल्या टीव्हीवर वाढलेल्या मंडळींनी जरूर घ्यावा, पण छपाईचं साल बघून. इथे क्विझ घेणाऱ्याने उसना मिळाला तर घ्यावा, विकत घेऊ नये. त्या पैशांत चांगली दोनशे पानी वही, दोन पेनं आणि ज्याच्याकडे तपासायला जाता येईल अशा एखाद्या इतिहासाच्या मास्तरांना महिनाभर चहा, एवढं सगळं बसतं. पाचपैकी अडीच चांदण्या, त्यातली अर्धी बोंबलासाठी.

साडू जूनमध्ये पुन्हा येतोय. त्याच डब्याचा दुसरा भाग निघालाय, आणू का, असं विचारत होता. मी त्याला चीज आणायला सांगितलंय.