इंदिरानगरातील लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल : चव उत्तम, साठवण चिंताजनक

गेले सहा महिने आमच्या घरी इंदिरानगरातील एका लाकडी घाण्यावरचे शेंगदाणा तेल येते. चवीविषयी तक्रार नाही. मटकीच्या उसळीला फोडणी दिली की भाजल्या दाण्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. दर लिटरला 320 रुपये आहे आणि तो मला वाजवी वाटतो, कारण दाण्यात 45 ते 50 टक्के तेल असले तरी घाण्यात ते सगळे निघत नाही, त्यामुळे एका लिटरला सुमारे अडीच किलो दाणे लागतात.

दर्शनी भागी 'शंभर टक्के केमिकलमुक्त' अशी पाटी आहे. तेल म्हणजेच मुख्यतः ओलेइक आणि लिनोलेइक आम्लांची ग्लिसराइडे, त्यामुळे रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला ती पाटी वाचून हसू येते. पण पेंडेतले उरलेसुरले तेल काढण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे हेक्झेन येथे नाही, एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

खरी काळजी वेगळीच आहे. दमट हवेत साठवलेल्या दाण्यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडेतून या विषाचा माग लागला. त्यातील बी-1 हा प्रकार यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो. रिफाइन न केलेल्या तेलात त्याचा काही अंश उतरतो; रिफाइनिंगमधील अल्कलीच्या प्रक्रियेत तो बहुतांशी निघून जातो. म्हणजे ज्या प्रक्रियेला भिऊन आपण घाण्यावर जातो, तीच या एका बाबतीत राखणदार असते. घाण्यावर ते काम दाणे निवडणाऱ्या हातांना करावे लागते.

येथे दोन बाई सुपात दाणे घेऊन बसतात आणि सुरकुतलेले, काळपट दाणे नेमके बाजूला काढतात, हे मी स्वतः पाहिले आहे. मात्र ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा गोण्या थेट शहाबादी फरशीवर, ओल आलेल्या भिंतीला टेकवून रचल्या होत्या. त्यांतील मूठभर दाणे हातात घेतले. साल शाबूत असलेला एक दाणा नखाने उकलला, तर दोन डाळिंब्यांच्या मध्ये पिवळसर हिरवी भुकटी होती. मालकांना दाखवल्यावर ते म्हणाले, "सर, एका दाण्यानं काय होतंय? आणि तेल तापवलं की सगळं जातं."

दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. हे विष गोणीभर सारखे पसरलेले नसते, ते थोड्याच दाण्यांत एकवटते, म्हणून एखाद्या दाण्यानेही फरक पडतो. आणि तळणाचे तेल साधारण 180 अंशांपर्यंत तापते, तेवढ्याने ते पूर्ण नष्ट होत नाही.

त्याहून मोठा घोळ पुढे कळला. निवडून काढलेले दाणे कुठे जातात, असे विचारल्यावर "ते पेंडेत कुटतो, गोठेवाले नेतात" असे उत्तर मिळाले. विषाचा मोठा भाग मुळातच तेलात न उतरता पेंडेत राहतो, त्यात हे दाणे पडले की गाईम्हशींच्या पोटात दुहेरी मात्रा जाते आणि तिचा काही अंश एम-1 या रूपात दुधात उतरतो. दुधातील एम-1साठी आपल्याकडे किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. तेलातून वगळलेली वस्तू सकाळच्या चहात परत येणार असेल, तर बायांची मेहनत फुकट जाते.

प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागितला, तो मिळाला नाही. सप्टेंबरमध्ये मात्र गोण्यांखाली फळ्या आलेल्या दिसल्या, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. मी अजून तेल तेथूनच घेतो, पण एका वेळी एकच लिटर, स्टीलच्या बरणीत, ओट्यापासून दूर. आणि पुढच्या पावसाळ्यात दोन महिने रिफाइंड वापरणार आहे. निवडलेल्या दाण्यांची गोणी परवापर्यंत घाण्याशेजारीच उभी होती.