दुकानातलं हजेरी-रजेचं ॲप, सव्वा वर्ष वापरून (३ स्टार)

सोलापुरात नवी पेठेत चादर-टॉवेलच्या दुकानात काउंटरला आहे मी. आम्ही १४ जण. आधी रजा म्हणजे मालकांचा मूड बघून विचारायची गोष्ट होती, कुणाची किती शिल्लक ते फक्त त्यांच्या वहीत आणि ती वही आमच्यापैकी कुणी कधी बघितली नाही. गेल्या वर्षी जानेवारीपासून दुकानानं हे मोबाईलवरचं ॲप घेतलंय. तुमच्याकडं घ्यायचं चाललं असेल तर वाचा.

सगळ्यात चांगलं काय तर रजा कशी जमा होते ते समोर दिसतं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकान कायदा आहे ना, २०२५ पर्यंत १० किंवा जास्त माणसं कामाला असली की लागू व्हायचा, त्यात वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागं १ भरपगारी रजा पुढच्या वर्षी मिळते. हे मला सहा वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं हो! पहिल्या आठवड्यात ॲप शून्य दाखवत होतं कारण मागच्या वर्षाची हजेरी कुणी भरलीच नव्हती, मग मॅनेजरसाहेबांनी जुनं मस्टर काढून दोन दिवस बसून भरलं तर माझे २७८ दिवस आले, म्हणजे १३ रजा. मी घरी कॅलेंडरवर खाडे लिहून ठेवतो, त्यावर मोजलं तर २८१ होत होते. ते दाखवल्यावर दुरुस्त झालं आणि १४ झाल्या. तीन दिवसांच्या चुकीनं अख्खी एक रजा जात होती, तेव्हा आपले दिवस आपण मोजाच.

सीएल म्हणजे किरकोळ रजा वर्षाला ८, दर तिमाहीला २ जमा होतात, त्या वर्ष संपलं की जातात, डिसेंबरात ॲपनं आठवण केली म्हणून माझ्या २ वाचल्या. भरपगारी मात्र ४५ पर्यंत साठतात. अजून एक, १५ दिवस आधी अर्ज करून मालकांनी नाकारली तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात, आणि अर्ज कधी केला, नाही कधी म्हटलं ते तारखेसकट ॲपमध्ये राहतं. तोंडी विचारत होतो तेव्हा असला पुरावा कुठून आणणार.

आता दोन स्टार का कापले ते. गड्डा!! म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, तिला सोलापुरात कुणाला रजा नको असते सांगा. ॲपमध्ये नियम असा लावलाय की एका दिवशी दोघांनाच रजा आणि जो आधी टाकेल त्याची. १ डिसेंबरला रात्री १२ ला जानेवारी उघडला आणि पाच मिनिटांत अक्षतेचा, म्हणजे यात्रेत सिद्धेश्वराच्या लग्नाचा दिवस फुल. आमच्या पॅकिंगच्या मावशींकडं बटणाचा फोन आहे, त्यांचा पुतण्या यात्रेतल्या मिरवणुकीत नंदीध्वजाची उंच काठी पेलतो, इतकी वर्षं त्या नुसतं सांगायच्या आणि मालक हो म्हणायचे. सकाळी त्यांना कळलं तर त्या काही बोलल्या नाहीत, गप पॅकिंगला बसल्या. मला फार वाईट वाटलं. नंबर लागलेल्या एका पोरानं आपला दिवस त्यांना द्यायला काढला, पण ॲपमध्ये अदलाबदल करायची सोयच नाही, त्यानं रद्द केली की जागा मोकळी होऊन दुसराच कुणी घेणार. शेवटी साहेबांनी त्याची रद्द आणि मावशींची मंजूर असं स्वतःच्या लॉगिननं एकापाठोपाठ केलं, आम्ही सगळे फोन खाली ठेवून बसलो होतो तेवढा वेळ.

कंपनीला फोन केला, अदलाबदल आणि दुसऱ्याच्या वतीनं अर्ज, दोन्ही सांगितलं. येईल म्हणाले. चार महिने झाले, आलं नाही. पुढच्या गड्ड्याला अक्षतेच्या दिवसासाठी आम्ही मावशींचं नाव धरून चिठ्ठ्या टाकणार आहोत, ज्यांची निघेल ती साहेब ॲपमध्ये भरतील, मालकांनी हो म्हटलंय.