आमची 'इडली' पुन्हा चकाकली: फायबरग्लास ट्रेलरवर थ्रीएमचं रिस्टोरर आणि कोलिनाइट ८८५, वर्षभर वापरून

आमच्या ट्रेलरला घरात सगळे इडली म्हणतात. गाडीमागे ओढून कॅम्पिंगला न्यायचा, स्कॅम्प कंपनीचा १३ फुटी ट्रेलर आहे, नव्वदच्या दशकातला, तीन वर्षांपूर्वी घेतला. इथे मिनेसोटात या ट्रेलरांचं तसं माहेरच म्हणायचं, कारण स्कॅम्प १९७१ पासून बॅकस नावाच्या छोट्या गावात बनतात (त्याच्याही आधी, १९६८ मध्ये कॅनडात विनिपेगला बोलर नावाचे असेच गोल ट्रेलर निघाले होते, ही सगळी एकाच वळणाची). लोक यांना अंडी म्हणतात, पण आमच्या लेकीला इडलीच दिसली आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं, कारण अंड्याला थोडी तरी चमक असते, आमच्या ट्रेलरला काडीची नव्हती.

हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पांढरी पूड लागायची. शाळेत फळा पुसल्यावर हात व्हायचे ना तस्से. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ, छतावर पाइनच्या चिकाचे ठिपके. मला आधी वाटलं धूळ आहे, म्हणून तीन वेळा धुतला, धुतल्यावर ओला असेपर्यंत मस्त दिसायचा आणि वाळला की परत भुताटकी.

आता यातली मेख अशी की फायबरग्लासवर गाडीसारखा रंग नसतो, जेलकोट असतो. साच्यात सगळ्यात आधी जेलकोट फवारतात, त्यावर काचेचे धागे आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव), म्हणजे बाहेरची चमक ही साच्याच्या गुळगुळीतपणाची नक्कल असते. वर्षानुवर्षं ऊन खाऊन जेलकोटचा वरचा थर मरतो, भुसभुशीत होतो, तीच ती पूड. चांगली गोष्ट म्हणजे हा थर जाड असतो, साधारण अर्धा मिलिमीटर, गाडीच्या क्लिअरकोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) दहापट वगैरे, त्यामुळे मेलेला भाग घासून काढला की खाली ताजा माल सापडतो. नुसतं वॅक्स चोपडून काही होत नाही. हे वाक्य पहिल्या वर्षी कुणीतरी माझ्या कपाळावर लिहायला हवं होतं.

कारण पहिल्या वर्षी मी शॉर्टकट मारला. फरशीला लावायचं अ‍ॅक्रिलिक पॉलिश असतं ना, दुकानांच्या फरश्या चमकवायला वापरतात ते, ते ट्रेलरला लावतात काही लोक. घासायचं नाही, काही नाही, फडक्याने पाण्यासारखे पाच-सहा हात द्यायचे आणि काय सांगू, संध्याकाळी ट्रेलर असा दिसत होता की शोरूममधून आणलाय. नवऱ्याने फोटो काढून मिरजेला पाठवले. आई म्हणाली, "अगंबाई, नवीन घेतलात?" ब्रँडचं नाव घेत नाही, कारण बाटलीवर कुठेही ट्रेलरला लावा असं लिहिलेलं नव्हतं, अक्कल माझी. उन्हाळा छान गेला. पण हिवाळ्यात बर्फाखाली राहून एप्रिलमध्ये ताडपत्री काढली तर छतापाशी पिवळट झालेलं आणि दाराच्या बाजूला कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटलेले. ते काढायला अमोनियाचं स्ट्रिपर, नायलॉनचा ब्रश, दोन अख्खे दिवस, आणि वासाने डोकं उठलेलं ते वेगळंच. आणि खाली काय? तोच खडू, जिथे होता तिथेच. नुसतं झाकून ठेवला होता मी.

मग मोबाइल डिटेलिंगवाल्याला (घरी येऊन गाड्या चमकवून देणाऱ्याला) विचारलं तर त्याने फुटावर भाव सांगितला, १३ फुटांचे चारशेच्या वर डॉलर, वर 'छत वेगळं'. छत वेगळं म्हणजे काय रे बाबा, इडलीला छत कुठे सुरू होतं ते दाखव.

सुटका केली शेजारच्या आजोबांनी. त्यांच्याकडे बोट आहे (इथे बोट नसलेला शेजारी शोधावा लागतो, दहा हजार तळ्यांचं राज्य आहे). ते कुंपणावरून म्हणाले की तू गाड्यांच्या सामानाच्या रांगेत कशाला फिरतेस, बोटींच्या रांगेत जा, जेलकोट हा बोटींचा विषय आहे. एवढंच. तिथे मिळालं थ्रीएमचं मरीन फायबरग्लास रिस्टोरर अँड वॅक्स आणि कोलिनाइटचं ८८५ फ्लीटवॅक्स, पेस्टचा डबा. याच दोघांचा हा रिव्ह्यू आहे, प्रस्तावना लांबली त्याबद्दल माफी.

आधी तयारी, कारण खरा वेळ तिथेच जातो. भांड्यांच्या साबणाने खसाखसा धुतला, म्हणजे तेलकट घाण निघते. गंजाचे पिवळे डाग आणि काळे ओघळ बार कीपर्स फ्रेंडने गेले, त्यात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असतं, हातमोजे घाला आणि भरपूर पाण्याने धुवा, वाळू देऊ नका. मला लगेच आमच्या घरची चिंच-मिठाने घासलेली तांब्याची भांडी आठवली, तत्त्व तेच, आंबट लावा आणि घासा. मग मास्किंग टेप. कंटाळा करू नका. स्कॅम्पचं कवच वरचं आणि खालचं अशा दोन तुकड्यांचं असतं आणि मध्ये पट्टा असतो, त्या पट्ट्यात, खिडक्यांच्या काळ्या रबरात कंपाउंड गेलं की वाळून पांढरं होतं आणि मग टूथब्रशने काढत बसा. शिवाय सगळीकडे रिव्हेट असतात, आतली कपाटं त्यांच्यावरच टांगलेली, आणि त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या पांढऱ्या टोप्या. फिरतं पॅड त्या टोपीच्या कडेला लागलं की टोपी टपकन उडते. पहिल्या तासात मी सहा उडवल्या, त्यातल्या दोन शेजाऱ्यांच्या लॉनमध्ये.

थ्रीएमचं रिस्टोरर हे एकाच बाटलीत घासणं आणि थोडं वॅक्स असं दोन्ही आहे, हलक्या ते मध्यम खराब झालेल्या जेलकोटसाठी. मशीन माझ्याकडे साधं सहा इंची ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरतं आणि डुलतंही). रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं, जास्त जोरात काम करतं पण नवख्या माणसाच्या हातात गोल गोल चकंदळं उमटवतं आणि कोपऱ्यावर थांबलात तर जेलकोट जाळू शकतं, म्हणून मी त्या वाटेला गेलेच नाही. पद्धत अशी: दोन बाय दोन फुटाचा चौकोन, पॅडवर चार-पाच थेंब, आधी मशीन बंद ठेवून पसरवून घ्यायचं (नाहीतर तोंडावर, केसांवर, कुत्र्यावर, अनुभव आहे), मग हळू स्पीडला सुरू करून वाढवायचं, आधी आडवं मग उभं. सावलीतच. पत्रा तापलेला असेल, म्हणजे पत्रा नाही हो, सवयीने म्हणते, फायबर तापलेला असेल तर पेस्ट लगेच सुकते आणि नुसती धूळ उडते. मास्क लावा, ती पूड नाकात जायची गोष्ट नाही.

पहिला चौकोन दाराच्या खाली केला. पाच मिनिटं काही कळेना, राखाडी लगदा झाला नुसता. मग मायक्रोफायबरने पुसलं आणि त्या चौकोनात मला मागच्या मेपलची फांदी दिसली. पानांसकट. मी चक्क मशीन खाली ठेवून नवऱ्याला हाक मारली, तो म्हणाला, "हां, छान," आणि आत गेला. पण मला त्या चौकोनाने वेड लावलं, कारण आता बाकीचा ट्रेलर आणखीच घाण दिसायला लागला, थांबायची सोयच नाही. नंतर व्हिडिओ कॉलवर आईने हे उद्योग पाहिले आणि म्हणाली, "एवढं घासतेस ती काय पितळेची आहे?"

दोन गोष्टी मात्र रिस्टोररच्या हातातल्या नव्हत्या. छत फारच मेलेलं होतं, तिथे आधी जास्त खरखरीत रबिंग कंपाउंड वूल पॅडने मारावं लागलं आणि मग रिस्टोरर. बाटलीवर मध्यम लिहिलंय म्हणजे मध्यमच, तिच्याकडून जास्त अपेक्षा नको. आणि छतावर चढू नका, मी शिडीवरून चारी बाजूंनी हात पोचेल तेवढं केलं, मधला एक ताटाएवढा भाग तसाच आहे आणि तो फक्त कावळ्यांना दिसतो. दुसरं म्हणजे जुने पट्ट्यांचे स्टिकर. हेअर ड्रायरने गरम करून काढले, पण त्याखालचा जेलकोट ऊन न लागल्यामुळे अजून मूळ रंगाचा, त्यामुळे पट्टा गेला तरी पट्ट्याचं भूत उरलंच. बरंच घासल्यावर फिकट झालं, पूर्ण गेलं नाही. कोपऱ्यांवर, गोलाईवर मी जोर देत नाही, तिथे थर पातळ असू शकतो. आणि बारीक केसासारख्या चिरा असतील तर पॅड लावायच्या आधी त्यावर पण टेप, नाहीतर पांढरी पेस्ट आत बसून आधी न दिसणारी चीर आता लांबून दिसते. माझ्याकडे टेललाइटपाशी अशी एक कायमची आहे.

हे सगळं तीन वीकेंड, मोजून १४-१५ तास. पॅड दर दोन-तीन चौकोनांनी साफ करावं लागतं, मी जुना ताठ टूथब्रश वापरला.

आता कोलिनाइट. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाची कंपनी, १९३६ पासूनची, डबा बघितला तर आजोबांच्या बूटपॉलिशचा मोठा भाऊ वाटतो. नव्या सिरॅमिक स्प्रेसमोर हे काय टिकणार असं मलाही वाटलं होतं. पण याचं एकच पथ्य आहे आणि ते पाळलंत तर सोनं आहे: पातळ लावा. इतकं पातळ की लावलंय की नाही अशी शंका यावी. मी पहिल्या दिवशी पराठ्याला तूप लावल्यासारखं लावलं, तेही एक अख्खी बाजू एकदम, वर चहा प्यायला गेले. परत आले तर लोखंडासारखं बसलेलं, ते पुसताना खांदे निकामी झाले. चूक शंभर टक्के माझी, डब्यावर सांगितलंय तसं थोडं थोडं करायला हवं होतं. दुसऱ्या वीकेंडला ओलसर स्पंजने दोन फूट लावलं, पुसलं, पुढे गेले, काही त्रास नाही. दोन हात, मध्ये एक दिवस. बोटाने चाचणी करा, धूसर थर बोटाने सहज निघाला की पुसायची वेळ झाली.

दिसायला वॅक्सने फारसा फरक पडला असं मी म्हणणार नाही, चमक आधीच आली होती, याने ती जरा ओली आणि खोल झाली. फरक कळला जूनमध्ये, लेक सुपीरिअरच्या नॉर्थ शोअरला गेलो तेव्हा. रात्रभर पाऊस, सकाळी ट्रेलरवर पाण्याचे मोत्यांसारखे थेंब आणि टू हार्बर्सपर्यंत पोचता पोचता सगळे वाऱ्याने गळून गेलेले, काळा ओघळ एक नाही. (गंमत म्हणजे थ्रीएम कंपनी १९०२ मध्ये याच टू हार्बर्सला सुरू झाली, घासायच्या चाकांसाठी कोरंडम नावाचं कठीण खनिज खणायला निघाले आणि तो दगड कोरंडम निघालाच नाही. म्हटलं चला, घासकामात फसलेली मी एकटी नाही.) किडेही आता समोरून ओल्या फडक्याने निघतात, आधी नखाने खरवडायचे. पाइनचा चिक मात्र अजून चिकटतो, त्यावर अल्कोहोलचं फडकं आणि मग तेवढ्या जागी परत थोडं वॅक्स.

टिकलं किती? मेमध्ये लावलं, सप्टेंबरपर्यंत सगळीकडे मोती. दक्षिणेची बाजू त्यानंतर जरा सुस्तावली, पण ट्रेलर चार महिने त्याच दिशेला तोंड करून उन्हात उभा होता, कुठलंही वॅक्स काय करणार. ऑक्टोबरमध्ये हिवाळ्याआधी तिथे आणि छतावर एक हात दिला. या वर्षी ताडपत्री काढली तेव्हा धाकधूक होती, मागचं सालं निघण्याचं प्रकरण डोळ्यासमोर होतं. तळवा फिरवला. कोरडा, पूड नाही.

खर्च म्हणाल तर पॉलिशर आधीच होतं, ते सोडून पॅड, टेप, फडकी आणि दोन्ही सामान मिळून शंभराच्या जरा वर. रिस्टोररची बाटली १३ फुटीला पुरून थोडी उरली, पेस्टचा डबा तर अजून अर्ध्याच्या वर आहे. १६ फुटी स्कॅम्प किंवा टेक्सासचा तसाच गोल कॅसिटा ट्रेलर असेल तर रिस्टोरर दोन बाटल्या घ्याच. आणि तुमचा ट्रेलर साच्यातला गोल नसून सपाट फायबर पॅनेलचा असेल तर जरा जपून, त्यावरचा जेलकोट सहसा पातळ असतो, कंपाउंड जोरात मारू नका.

रिस्टोररला पाचपैकी साडेचार, अर्धा छतासाठी कापला. फ्लीटवॅक्सला पाच. मला स्वतःला पहिल्या वर्षाचे शून्य.

यंदा दाराजवळच्या भुताच्या पट्ट्यावर नवीन स्टिकर लावायचाय, लेकीला तिथे वाफाळणाऱ्या इडल्यांची प्लेट हवी आहे. आणि रिव्हेटच्या टोप्यांचं पाकीट मागवलंय, अकरा कमी भरल्या. लॉनमधल्या दोन आजोबांनी काल परत आणून दिल्या, त्यातली एक मोवरखालून गेलेली.