अर्धवेळ बोटीवर राहायचं तर स्टीलची की फायबरची?

नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी बोटीवर जायचं असेल आणि सोमवारी सकाळी तिथूनच लॅपटॉप उघडायचा असेल, तर जुन्या बोटींच्या बाजारात बहुतेक वेळा दोनच जाती समोर राहतात. एक, १९८०-९०च्या दशकातली दहा-अकरा मीटरची डच स्टीलची बोट: मागे झोपायची केबिन, एकच डिझेल इंजिन, चाल संथ. दुसरी, साधारण त्याच वयाची आणि लांबीची फायबरची क्रूझर: दोन इंजिनं, मोठा डेक, भरपूर वेग. मी पहिली घेतली. पण त्याआधी दुसरीवर भाड्याने आणि एका मित्राच्या कृपेने बऱ्यापैकी राहिलो आहे, त्यामुळे हे सांगोवांगीचं नाही.

फायबरचं जे चांगलं ते आधी. गंज नाही, पत्र्याची जाडी मोजत बसणं नाही. आणि मोकळ्या पाण्यात ती खरंच अधिक निवांत चालते. आयसलमेर हे इथलं मोठं तळं जेमतेम चार-पाच मीटर खोल आहे, त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा लाटा बाजूने आल्या की गोल तळाची स्टीलची बोट सडकून डोलते. त्याच्या एका काठच्या लेमरहून पलीकडच्या एंकहाउझनला जाताना आमच्या घरच्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं की परत येताना आम्ही ट्रेनने येऊ. फायबरच्या बोटीवर तशाच वाऱ्यात चहाचे कप जागेवर राहिलेले मी पाहिले आहेत.

वेग मात्र मला कधी मोजावासा वाटला नाही. उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतातल्या कालव्यांवर बहुतेक ठिकाणी ताशी ६ किंवा ९ किलोमीटरची मर्यादा, आणि प्रिन्सेस मार्ग्रीट कालव्यासारख्या मोठ्या वाटेवर १२.५. एवढं तर एक जुनं डिझेल इंजिन हसत देतं. उलट बोट ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त पळू शकत असेल, तर तुम्ही तशी पळवा न पळवा, परवाना काढावाच लागतो. दोन इंजिनं म्हणजे तेल, फिल्टर, इम्पेलर (थंड पाण्याच्या पंपाचं पातं) सगळं दुप्पट, आणि दोन्हींच्या बाहेरच्या बाजूला हात पोचवण्यासाठी अंग मुडपून आत शिरणं आलंच.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. रात्रीचा आवाज.

वेगासाठी बनवलेल्या फायबरच्या बोटीचा तळ मागच्या बाजूला बराच सपाट असतो आणि कडेचा कंगोरा पाण्याच्या रेषेजवळ येतो. धावताना तो पाणी बाहेर फेकतो, त्याचं कामच ते. पण बोट धक्क्याला बांधलेली असताना इंचभर उंचीची लहरसुद्धा त्या कंगोऱ्याखाली अडकते आणि फुटते. पोहण्यासाठी मागे फळी असेल तर तिच्याखालीही तेच. तुमची उशी नेमकी त्याच्यावर. कुणीतरी ओल्या तळहाताने दारावर थापा मारत राहावं तसा तो आवाज, आणि त्याला ताल नाही हे सर्वांत वाईट. तीन थापा, मग शांतता, मग झोप लागता लागता चौथी. फ्रीसलँडमधल्या हेग (Heeg) गावच्या तळ्यावर मंद वारा असलेल्या रात्रीही मी पहाटेपर्यंत जागा होतो. सुट्टीतल्या एखाद्या रात्री हे चालून जातं. पण दुसऱ्या दिवशी नऊला मीटिंग असेल आणि हे दर आठवड्याचं असेल, तर बोट नकोशी होते.

स्टीलच्या बोटीचा तळ गोल तरी असतो किंवा अनेक घड्यांचा, आणि खालची घडी पाण्यात बुडालेली. शिवाय दहा टनांच्या आसपास वजन. लहर येते, कडेला घासते, जाते. माझ्या मागच्या केबिनमध्ये रात्री ऐकू येतात ती बदकं आणि शेजारच्याची दोरी.

सगळ्यांना याचा त्रास होत नाही, हेही खरं. माझा मित्र त्याच बोटीत गाढ झोपतो. काही जण कंगोऱ्याखाली फेंडर (धक्का झेलणारी हवेची उशी) बांधतात, काही जण नाळ म्हणजे पुढचं टोक वाऱ्याकडे करून बोट लावतात. दोन्हींनी थोडा फरक पडतो. पण गर्दीच्या मरिनात जागा मिळेल तशी घ्यावी लागते.

स्टीलची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. गंज बाहेरून कमी, आतून जास्त खातो: खिडक्यांखाली, शॉवरच्या तळाशी, टाकीच्या मागे. तिथल्या फळ्या उचलून बघू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. सर्व्हेयर अल्ट्रासाउंडने पत्रा मोजतो, त्याचा अहवाल विम्यालाही लागतो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे अॅनोड हवेत, आणि किनाऱ्यावरची वीज कायम जोडून ठेवणार असाल तर त्या तारेतून येणारा, धातू खाणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवाच. फायबरमध्ये याच्या जागी ऑस्मोसिसचे, म्हणजे थरात पाणी मुरून, फोड येतात, तेव्हा काळजी अगदीच टळत नाही.

आपल्या स्वयंपाकाचाही विचार करा. जुन्या फायबर बोटींच्या छताला फोमचं अस्तर असलेलं व्हिनाइल असतं. फोम सुटला की ते लोंबतं, आणि फोडणीचा वास त्यात महिनोन्‌महिने राहतो. माझ्या बोटीत लाकडी फळ्या आहेत, पुसता येतात. स्टीलच्या बोटीत पत्र्याला आतून इन्सुलेशन नीट केलेलं असेल तर ऑक्टोबरातही डिझेल हीटरवर केबिन कोरडी राहते. ते नसेल तर मात्र गादीखाली ओल धरते, म्हणून एखादं कपाट उघडून मागे हात घालून बघा. दोन्ही प्रकारांत संडासाची टाकी आहे ना, हे तपासा. २००९ पासून संडासाचं पाणी बाहेर सोडायला बंदी आहे, आणि जुन्या बोटीत टाकी नंतर बसवणं जागेअभावी किचकट होतं.

उत्तर किनाऱ्याचा उथळ वाडन समुद्र आणि किनाऱ्याची सफर हेच मुख्य असेल, तर मी फायबरलाच हो म्हणेन. कालवे, तळी आणि बोटीवरचं कामकाज असेल तर स्टील. काहीही घेणार असलात तरी बघायला ऊन पडलेल्या शांत दुपारी जाऊ नका. वारा असलेला दिवस निवडा, मागच्या केबिनमध्ये अर्धा तास दार लावून आडवे व्हा. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे सहज जमतं. हिवाळ्याचं भाडं भरायचं नसल्याने तेव्हा विक्रेतेही वेळ देतात आणि किमतीवर बोलायला तयार असतात.