शिंजीरासाठी बाल्कनी: अकरा महिन्यांत काय टिकलं, काय काढलं

‘आमच्याकडे हमिंगबर्ड आला’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यातला पक्षी हमिंगबर्ड नसतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे फुलांवर येतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी. आणि तिन्हीसांजेला फुलासमोर हवेत थरथरत उभं राहिलेलं काही दिसलं, तर तो बहुतेक वेळा पक्षीच नसतो, हॉकमॉथ जातीचा पतंग असतो. नावाचा घोळ एरवी सोडून देता आला असता, पण झाडं घेताना तो महागात पडतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो. शिंजीरालाही क्षण-दोन क्षण पंख मारत थांबता येतं, पण पोटभर प्यायचं तर त्याला बसायला फांदी लागते. नर्सरीत ‘हमिंगबर्ड प्लांट’ म्हणून जी रोपं गळ्यात मारतात, त्यांचा निकाल याच एका कसोटीवर लागतो.

हा अनुभव पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेच्या बाल्कनीचा आणि वरच्या गच्चीच्या एका कोपऱ्याचा, जून ते एप्रिल. बाल्कनीत सकाळचं चारेक तास ऊन, गच्चीत दिवसभर. येणारे पक्षी दोन: जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. वेळ सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास, मग चारनंतर पुन्हा एक फेरी.

सगळ्यात जास्त काम हमेलियाने केलं. मूळचं अमेरिकेतलं, तिथे खरोखरच हमिंगबर्डचं झाड. केशरी-लाल, बारीक नळीसारखी फुलं झुपक्याने येतात आणि झुपक्याखालची फांदी शिंजीराचं वजन पेलण्याइतकी कडक असते, म्हणून ते इथेही चालतं. १४ इंची कुंडी कमीत कमी. १० इंचीत लावलं तर मार्चपासून रोज दुपारी मान टाकतं. मिश्रण असं: चार भाग लाल माती, तीन भाग मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. दर दोन महिन्यांनी मूठभर निंबोळी पेंड. यापेक्षा जास्त खायला घालू नका. युरिया किंवा कोंबडीखत दिलं की पानं तळहाताएवढी होतात आणि फुलं लपतात. हमेलियाला फूल नव्या फुटव्याच्या टोकाला येतं, तेव्हा छाटणी हवीच, पण एका वेळी सगळं झाड कापू नये. कापल्यावर पुन्हा फुलायला दीड-दोन महिने जातात आणि तेवढ्यात पक्षी दुसरीकडची वाट धरतो. एक तृतीयांश फांद्या जूनमध्ये, एक तृतीयांश सप्टेंबरअखेर, उरलेल्या फेब्रुवारीत, असं केलं तर झाड कधीच रिकामं राहत नाही. थंडीत बहर उतरतो. तो रोग नाही.

रसेलियाचं उलटं. टोपलीतून खाली लोंबणाऱ्या हिरव्या काड्या आणि त्यांवर लाल फटाक्यांच्या माळा, दिसायला इतकं देखणं झाड दुसरं नाही. पण टांगलेल्या टोपलीतल्या काड्या वाऱ्यावर हलतात आणि पक्षी दोनदा प्रयत्न करून निघून जातो. उपाय सोपा: टोपली रेलिंगला टेकवून बांधायची आणि लोंबत्या काड्यांमधून बोरूएवढ्या जाडीची एक बांबूची काडी आडवी घालायची. मग शिंजीर त्या काडीवर बसतो, मान खाली घालून एकेक नळी तपासतो. सकाळच्या तिरप्या उन्हात अगदी जवळून पाहिलं तर चोचीच्या बुडाशी परागाची पिवळी पूड चिकटलेली दिसते. जुलैत वीतभर काड्या कापून ओल्या मातीत खोचल्या तर बहुतेक सगळ्या जगतात, म्हणून रोप एकच विकत घ्या. चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर मात्र नुसतं हिरवं गवत पोसल्यासारखं होतं.

जास्वंदीबद्दल सगळेच विचारतात. एकेरी, लाल, गावठी जास्वंद घ्या. डबल पाकळ्यांच्या आणि संकरित रंगीत जाती पूजेला चांगल्या, शिंजीराच्या काहीच कामाच्या नाहीत. आता एक बारकावा. शिंजीर जास्वंदीत समोरून शिरत नाही. तो देठावर बसतो आणि हिरव्या पुष्पकोशाच्या वर, पाकळ्या जिथे जुळतात त्या फटीतून बाजूने चोच घालतो, कारण मध तिथेच तळाशी असतो. दुसऱ्या दिवशी गळून पडलेलं फूल उचलून पाहा: बुडाशी दोन-तीन बारीक चिरा, कडेने तपकिरी झालेल्या. याला अळी समजून लोक फवारणी करतात. हमेलियाच्या नळ्यांवरही बुडाशी अशी भोकं दिसतात. ही मधाची चोरीच, परागीकरण न करता पिणं. पण कुंडीत आपल्याला बी धरायचं नसतं, तेव्हा चोर आला म्हणून बिघडलं काय?

मिरची जास्वंद मात्र जास्वंदीपेक्षा सरस निघाली. तिचं फूल उमलतच नाही, पाकळ्या गुंडाळलेल्याच राहतात आणि मध आत साठून राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हमेलिया मंदावल्यावर, बाल्कनी हिनेच सांभाळली. फक्त जागा खाते. १६ इंची कुंडी आणि भिंतीचा कोपरा द्यावा लागतो.

पावडर पफ म्हणजे कॅलिअँड्राचा लाल गोंडा गच्चीतच ठेवण्यासारखा. गोंडा दिवसभरात मलूल होतो आणि दुसऱ्या दिवशी चिकट तपकिरी बोळा होऊन खाली पडतो. बाल्कनीत ठेवलात तर खालच्या मजल्यावरून तक्रार येणार. फांद्या जाड, पक्षी निवांत बसतो. केप हनीसकल, म्हणजे केशरी टेकोमा, मूळचा आफ्रिकेचा आणि तिथे शिंजीरांवरच पोसलेला, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षा मोठ्या होत्या. ऊन भरपूर मिळालं तिथे त्या पुऱ्या झाल्या. बाल्कनीतल्या चार तासांत मात्र सहा महिने एक कळी नाही.

फुकटातलं सगळ्यात चांगलं झाड दीपमाळ. हिचं बी रस्त्याकडेच्या वाळलेल्या झाडांवरून जानेवारीत गोळा करता येतं. जूनमध्ये पेरायचं, एका कुंडीत एकच रोप ठेवायचं, दसरा-दिवाळीच्या सुमारास ते पुरुषभर उंच होतं आणि काट्यांच्या गोल बोंडांतून केशरी फुलं एकावर एक मजल्यांनी येतात. एका बोंडावर पाय रोवून वरच्या बोंडातली फुलं प्यायची, अशी जिन्यासारखी सोय शिंजीराला आयती मिळते. उंच खोड वाऱ्याने मोडतं, म्हणून काठीचा आधार ऑगस्टमध्येच द्या. आणि बोंडं वाळायला लागली की कापून टाका, नाहीतर पुढच्या पावसात प्रत्येक कुंडीत दीपमाळच उगवेल.

काय काढून टाकलं तेही सांगायला हवं. हेलिकोनिया पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या कडा जाळत बसतो. कोकणात, गोव्यात तो उत्तम. तिथे परसात केळ असेल तर वेगळं काही लावायचीही गरज नाही. घड धरल्यावर केळफूल भाजीसाठी लगेच न कापता दोन-तीन आठवडे राहू द्या, शिंजीर त्याला उलटा लटकून पितो. पेंटास आणि एक्झोरा फुलपाखरांसाठी ठेवा, शिंजीर त्यांच्यावर टेकला तर टेकला. गुलाब, शेवंती, पिटुनिया यांची नुसती शोभा. सॅल्व्हियाचे हंगामी लाल तुरे त्याला आवडतात, पण दांडी वाकते, म्हणून ती कुंडी हमेलियाला खेटून ठेवावी.

साखरपाण्याचा लाल प्लास्टिकचा फीडरही वापरून पाहिला. प्रमाण एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. रंग नाही, मध नाही, गूळ नाही. मध घातला तर बुरशी लवकर धरते. अडचण प्रमाणात नाही, हवेत आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी दिवसभरात आंबतं, म्हणजे रोज फेकायचं आणि रोज गरम पाण्याने, ब्रशने घासायचं. पावसाळ्यात तोटीच्या आत काळी बुरशी दोन-तीन दिवसांत दिसते. वर मुंग्या. शिवाय यातले बरेचसे फीडर हमिंगबर्डसाठी बनवलेले, त्यांना बसायला दांडीच नसते किंवा ती तोटीपासून चुकीच्या अंतरावर असते. तेवढ्या खटपटीत दोन हमेलिया सांभाळून होतात.

जागेचं गणित चुकलं तर झाडं चांगली असूनही पक्षी येत नाही. दोन गोष्टी पाहा. एक, दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत आतपर्यंत ऊन येतं, पण मे महिन्यात सूर्य डोक्यावर जातो आणि तीच बाल्कनी सावलीत जाते. तेव्हा डिसेंबरमध्ये पाहिलेल्या उन्हावर विसंबून कुंड्यांची जागा ठरवू नका. दोन, सगळी फुलझाडं एका ठिकाणी गोळा करू नका. विणीच्या काळात जांभळ्या शिंजीराचा नर एका जागेवर हक्क सांगतो आणि दुसऱ्याला हुसकावत राहतो. कुंड्यांचे दोन गट भिंतीच्या दोन बाजूंना केले, एकीकडून दुसरीकडचं दिसणार नाही असे, की एकट्याला दोन्ही राखता येत नाहीत. कबुतरांची जाळी असेल तर हमेलियाची एक-दोन फांद्यांची टोकं जाळीबाहेर काढून द्या. कुंडी मात्र आतच, कठड्यावर नाही.

ऑक्टोबरच्या सुमारास ‘काळा-जांभळा नर गेला, आता नुसत्या माद्या येतात’ असं वाटतं. तो गेलेला नसतो. वीण संपली की जांभळ्या शिंजीराचा नर झळाळी उतरवून मादीसारखा पिवळट होतो; गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी उभी रेघ उरते, तिच्यावरून ओळखायचा.

कीड आणि औषध हा भाग सर्वांत नाजूक. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण येणारच. पहिली पायरी म्हणजे जोराच्या पाण्याने धुणं, सलग तीन दिवस. न हटल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलि नीमतेल आणि १-२ मिलि पातळ साबण, चांगलं घुसळून, ऊन उतरल्यावर, फुलं टाळून पानांच्या खालून. मुंग्यांचा रस्ता तोडला नाही तर ढेकूण पुन्हा येतो, कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की रस्ता तुटतो, फक्त ताटलीतलं पाणी डासांसाठी दर दोन दिवसांनी बदला. दुकानदार हमखास इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक हातात ठेवतो. ते झाडाच्या रसात भिनतं आणि तिथून मधात उतरतं, म्हणून या बाल्कनीत ते नकोच. शिवाय थोडे मावा-किडे असू द्यावेत. शिंजीराच्या पिलांना मधावर वाढवता येत नाही, त्यांना किडे आणि कोळी भरवले जातात.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं जास्वंदीवर किंवा एक्झोरावर दिसलं तर खत वाढवू नका. बोअरचं जड पाणी आणि आपली चुनखडीची माती यांत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरला १ ग्रॅम चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह), पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी. उन्हाळ्यात १४ इंची कुंडीला रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी कडेने सरळ खाली जातं आणि वरून ओलं दिसतं. कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवणं हाच उपाय. पाणी घालताना कर्दळीच्या किंवा अळूच्या रुंद पानांवरही फवारा मारा. शिंजीर भांड्यातल्या पाण्यापेक्षा अशा ओल्या पानांवर लोळून अंघोळ करतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नर काचेवर टकटक करायला लागतो. त्याला काचेत दुसरा नर दिसतो. आतून पडदा ओढून उपयोग होत नाही, उलट काच जास्तच आरशासारखी होते. बाहेरून जुना पेपर चिकटवा.

याच दिवसांत बाल्कनीतली कोळिष्टकं झाडू नका. मादी त्यांच्याच धाग्यांनी वाळकी पानं, सालीचे कपटे, अळ्यांची विष्ठा असलं काहीबाही जोडून लोंबतं घरटं विणते, बाजूला दार आणि दारावर छोटासा छज्जा. त्यासाठी ती बेलची वायर, कपड्यांची दोरी, टांगलेल्या कुंडीची साखळी असं काहीही निवडते. दोरीवर बांधायला घेतलं असेल तर कपडे दुसरीकडे वाळत घाला. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, मग पिलं उडेपर्यंत आणखी जवळपास तेवढेच. घरटं सरकवलं तर मादी ते सोडून देण्याची भीती असते, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या घरट्याला हात लावणं शिकारीतच मोजलं जातं. त्या कोपऱ्यातल्या कुंड्यांना पाणी घालायचं ते लांब नळीच्या झारीने, मादी बाहेर गेलेली असताना.